चिखलात रुतलेली गाडी चाकावरच्या विंचने बाहेर कशी काढावी

पावसाळ्यात ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून मुरबाड, शहापूर, बदलापूरच्या बाजूला गेलेल्या ज्या फोर-बाय-फोर गाड्या मी रुतलेल्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक डोंगरउतारावर नव्हे, तर भातखाचराच्या कडेला रुतलेल्या होत्या. आवणीसाठी चिखलणी केलेल्या खाचरात वरचा वीतभर थर लोण्यासारखा मऊ असतो आणि त्याखाली वर्षानुवर्षांच्या चिखलणीने दबलेला घट्ट थर असतो. चाके त्या घट्ट थरापर्यंत खाली जातात, गाडीचे पोट बांधावर टेकते आणि मग ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी चाके जागच्या जागी गरगर फिरत राहतात. अशा वेळी टोचन करायला दुसरी गाडी नसेल, गावातला ट्रॅक्टर दुसरीकडे कामाला गेलेला असेल आणि बंपरवर विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) बसवलेली नसेल, तर फुकट फिरणाऱ्या त्या चाकांनाच कामाला लावता येते. चाकाच्या नटांवर बसणारे ड्रम, म्हणजेच चाकावरची विंच, हे त्याचे साधन होय. ते स्वस्त आणि साधे असले, तरी निष्काळजीपणे वापरल्यास जीवघेणे ठरू शकते, म्हणून त्याची रीत येथे सविस्तर लिहीत आहे.

बंपरवरची विजेची विंच चांगलीच असते, पण तिच्यासाठी मजबूत लोखंडी बंपर लागतो, ती पूर्ण भारावर बॅटरीतून कित्येकशे अँपिअर खेचते आणि बहुधा पुढच्याच दिशेला ओढते. शिवाय डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाड्यांच्या पुढे बसवलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार (जादा लोखंडी दांडे) मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन ठरवले, तेव्हापासून बंपर बदलून विंच बसवणाऱ्याला ही बाजूही विचारात घ्यावी लागते. चाकावरची विंच डिक्कीत गोणपाटात गुंडाळून ठेवता येते, गरजेपुरती लावता येते आणि गाडी मागेही ओढू शकते. रुतलेल्या गाडीला ज्या वाटेने आली त्याच वाटेने मागे नेणे बहुतेक वेळा सोपे असते, त्यामुळे हा शेवटचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

ती काम कशी करते

साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचा पोलादी ड्रम चाकाच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, लांब नटांच्या आधाराने बसवतात. दोराचे एक टोक ड्रमला आणि दुसरे झाडाला किंवा जमिनीतल्या खुंट्यांना बांधतात. चाक फिरले की दोर गुंडाळला जातो आणि गाडी ओढली जाते. माझ्या हिशेबातल्या मारुती जिम्नी या छोट्या फोर-बाय-फोर गाडीच्या १९५/८० आर १५ टायरची त्रिज्या सुमारे ३५ सेंटिमीटर भरते, तर १० मिलिमीटरचा दोर धरून ड्रमची त्रिज्या सुमारे ८ सेंटिमीटर होते. ॲक्सलचा पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) तोच राहून त्रिज्या पाव हिश्शाहूनही लहान झाल्यामुळे ओढ चौपटीहून अधिक मिळते. त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावे की, चाकाच्या एका फेऱ्यात टायर जमिनीवर सुमारे २.२ मीटर पुढे जाऊ पाहतो आणि दोर मात्र जेमतेम अर्धा मीटर गुंडाळला जातो. चिखलात टायर घसरत असतो तोवर या फरकाने काही बिघडत नाही. टायरने जमीन धरली की मात्र गाडी दोराच्या पुढे धावते. या साधनाचा सर्वांत मोठा धोका तोच आहे आणि त्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

आता डिफरन्शियलविषयी, म्हणजे इंजिनाचा जोर ॲक्सलच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या संचाविषयी. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो, पण ज्या चाकाला विरोध कमी ते चाक अधिक फिरते. म्हणून तर एक चाक चिखलात गेले की दुसरे कोरड्या जमिनीवर असूनही गाडी हलत नाही. एकाच चाकावर ड्रम लावला तर नेमके हेच घडते: दोर ताणला जाताच ते चाक थांबते आणि त्याच ॲक्सलचे दुसरे, मोकळे चाक गरगरते. मात्र एकाच ॲक्सलच्या दोन्ही चाकांवर ड्रम लावले, की ज्या डिफरन्शियलने आपल्याला अडकवले, तोच तराजूसारखे काम करू लागतो. ज्या बाजूचा दोर सैल आहे ती बाजू आधी भराभर फिरते, तो दोर ताणला जातो, आणि मग दोन्ही दोरांवर सारखाच ताण येऊन गाडी सरळ रेषेत सरकते. म्हणून ड्रम नेहमी जोडीने वापरावेत आणि डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाके एकत्र जखडणारी सोय) असेल तर तो बंद ठेवावा, कारण लॉक लागल्यावर हा तराजू उरत नाही आणि ज्या बाजूचा दोर आखूड असेल तिच्यावरच सगळा भार येतो.

साहित्य

ड्रमबरोबर मी दोन सारखे दोर बाळगतो, प्रत्येकी २० मीटरचे, ताण येऊनही फारसे न लांबणाऱ्या, विंचसाठीच्या अति-उच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनच्या (यूएचएमडब्ल्यूपीई) विणलेल्या धाग्याचे. अशा १० मिलिमीटरच्या नव्या दोराची तुटण्याची मर्यादा ८ ते ९ टनांच्या आसपास असते. त्याला गाठ मारली तर ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, म्हणून दोन्ही टोकांना विणून केलेले फासच असावेत. हा दोर सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळतो. तो सायलेन्सरला किंवा तापलेल्या ब्रेक डिस्कला लागू देऊ नये. टोचनसाठी वापरतात तो रबरासारखा लांबणारा दोर येथे कधीही लावू नये, कारण तो भरपूर ऊर्जा साठवतो आणि तुटला तर चाबकासारखा परत येतो. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा निळा किंवा हिरवा प्लास्टिकचा दोर ताडपत्री बांधण्यासाठी असतो, त्याच कामाला तो ठेवावा. यांखेरीज झाडासाठी रुंद पट्टा, क्षमता कोरलेले शॅकल (दोर जोडण्याच्या, खिळ लावता येणाऱ्या पोलादी कड्या), चामड्याचे हातमोजे, फावडे, पहारी, नटांचा पाना आणि दोन-तीन गोणपाट पुरेसे होतात.

ड्रम स्वतः घडवून घेण्याचा मोह ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्याला होतोच, कारण लेथ आणि वेल्डिंगचे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. मीही एका कारखान्यातून पहिली जोडी करून घेतली होती. दिसायला ती सुबक होती, पण दोनदा वापरल्यावर एका ड्रमच्या वेल्डिंगविषयी शंका आली, तेव्हा सांध्याच्या बाहेरच्या बाजूला खडूची पूड पाण्यात कालवून तिचा पातळ थर दिला, तो वाळू दिला आणि आतल्या बाजूने रॉकेल लावले. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर केसासारखी एक ओली काळपट रेघ उमटली. रॉकेल ज्या फटीतून झिरपले, त्याच फटीवर मी दीड टनाची गाडी ओढली होती. तेव्हापासून माझा आग्रह आहे की ड्रम तयार आणि क्षमता लिहिलेलाच घ्यावा. घडवून घ्यायचाच असेल तर भोके आपल्या गाडीच्या नटांच्या वर्तुळाशी नेमकी जुळवून घ्यावीत, वेल्डिंगची तपासणी करून घ्यावी आणि ही खडू-रॉकेलची परीक्षा दर पावसाळ्याआधी करावी.

आधी खणावे, मग ओढावे

गाडी सोडवायला किती ओढ लागेल, याचा एक जुना सैनिकी अंदाज आहे. चाके रुतली असतील तर गाडीच्या वजनाइतकी, मडगार्डपर्यंत रुतली असेल तर वजनाच्या दुप्पट आणि त्याहून खोल गेली असेल तर तिप्पट ओढ लागते. सुमारे १२०० किलोची जिम्नी माणसे आणि सामान धरून दीड टनाची होते. ती मडगार्डपर्यंत फसली तर तीन टनांची ओढ लागेल. माणसे उतरवली, सामान काढले, चाकांपुढचा चिखल उपसला आणि पोटाखालचा बांध मोकळा केला, तर तीच गाडी दीड टनाच्या आत हलते. अर्धा तास फावडे चालवणे हे दोरावरचा भार निम्मा करण्यासारखे आहे, आणि येथे घाई करणाऱ्यांना मी मनापासून थांबवतो.

चाकावरच्या विंचसाठी खणण्याचे आणखी एक कारण आहे. ड्रम मोकळा फिरला पाहिजे आणि त्याच्याकडे येणारा दोर चिखलाला न घासता आला पाहिजे, म्हणून चाकाच्या बाहेरच्या बाजूला निदान दोन वीत रुंदीची जागा ड्रमच्या खालपर्यंत साफ करावी लागते. गाडी पाण्याने भरलेल्या खाचरात असेल, तर आधी कडेला चर काढून पाणी उतरू द्यावे. सायलेन्सरचे तोंड चिखलाने बुजलेले नाही, हे इंजिन सुरू करण्यापूर्वी वाकून पाहावे. ते बुजलेले राहिले तर विषारी धूर बाहेर जाण्याऐवजी गाडीत शिरू शकतो.

आधार

आधाराला जिवंत, ताठ आणि निदान मांडीएवढ्या जाडीचे झाड घ्यावे. मुरबाड-शहापूरकडे ऐन, साग आणि आंबा सहज सापडतात. पट्टा बुंध्याला शक्य तितका खाली गुंडाळावा. दोर थेट सालीला लावला तर साल सोलली जाते आणि झाड मरू शकते. खाडीकिनारी खारफुटीला तर हातही लावू नये. खारफुटी तोडणे वा तिची नासधूस करणे बेकायदेशीर आहे, २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने ते आणखी स्पष्ट झाले आहे, आणि ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. शिवाय खाजणात खाचरासारखा घट्ट तळ नसतो, खाली खोलवर चिकण गाळच असतो, त्यामुळे तेथे गाडी नेणेच चूक आहे. येऊरचे जंगलही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने असल्या हौसेसाठी नाही. सराव करायचाच तर मालकाची परवानगी घेऊन खासगी माळावर करावा.

झाड नसेल तेव्हा तीन पहारी उपयोगी पडतात. त्या ओढीच्या रेषेत, एकामागे एक, गाडीपासून किंचित दूर कललेल्या अशा ठोकाव्यात आणि पुढच्या पहारीचे डोके मागच्या पहारीच्या बुडाशी दोरीने आवळून बांधावे. याने भार तिघींत वाटला जातो. मऊ जमिनीत पहारी सुटून येतात, तेथे स्टेपनी पुरणे अधिक भरवशाचे ठरते. कंबरभर खोल खड्ड्यात स्टेपनी ओढीला आडवी उभी करावी, पट्टा तिच्यात ओवून तिरप्या चरातून वर आणावा आणि माती घट्ट तुडवावी. हे काम कष्टाचे आहे, पण सपाट माळावर दुसरा मार्ग नसतो.

मागे जायचे असेल तर मागच्या चाकांवर आणि पुढे जायचे असेल तर पुढच्या चाकांवर ड्रम लावावेत. याचे कारण भूमितीचे आहे. दोन्ही दोर मधल्या एका झाडाकडे जातात तेव्हा ते थोडे आत कलतात. गाडीच्या पुढच्या टोकापासून दहा-बारा मीटरवरच्या झाडासाठी मागच्या चाकापासून निघालेला दोर पुढच्या चाकापर्यंत पोहोचताना सुमारे १५ सेंटिमीटर आत सरकतो आणि पुढच्या टायरला घासतो. पुढच्या चाकांवर ड्रम असतील तेव्हा स्टिअरिंग अगदी सरळ धरणे आवश्यक असते.

बसवणे आणि ओढणे

हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, इंजिन बंद असतानाच ड्रम लावावेत. एका वेळी एकच नट काढावा, त्याच्या जागी लांब नट घालावा आणि मग समोरासमोरच्या जोड्यांनी, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या पिळाइतके नट आवळावेत. ड्रम बाहेर आलेला असल्याने स्टडवर (नट ज्यावर बसतो त्या बोल्टवर) वाकवणारा भार येतो, तेव्हा एखादा स्टड गंजलेला किंवा आटे गेलेला असेल तर विंच लावूच नये.

दोर ड्रमवर नेहमी खालच्या बाजूने आला पाहिजे. गाडी पुढे जाताना चाकाची खालची बाजू मागे जाते, म्हणून समोरून आलेला दोर खालूनच आत खेचला जातो. मागे जाताना खालची बाजू पुढे जाते आणि मागून आलेल्या दोराला तोच नियम लागू होतो. वरून घेतलेला दोर गुंडाळला न जाता उलगडतो. सुरुवातीचे तीन-चार वेढे हाताने, एकाला एक खेटून, सफाईने घ्यावेत आणि दोन्ही बाजूंची लांबी जवळपास सारखी ठेवावी. प्रत्येक दोराच्या मधोमध ओले गोणपाट टाकावे, म्हणजे दोर तुटलाच तर तो खाली पडण्याची शक्यता वाढते.

आता माणसांविषयी. गाडी रुतली की गावातली मुले मदतीला धावून येतात आणि ती अगदी दोराच्या शेजारी उभी राहतात. त्यांना दोराच्या लांबीच्या निदान दीडपट अंतरावर, ओढीच्या रेषेपासून बाजूला नेऊन उभे करावे, आणि ती तेथे गेल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. ताणलेला दोर ओलांडू नये, त्याला पाय लावू नये, फिरत्या ड्रमवरचा वेढा हाताने सरळ करू नये. खुणा एकाच माणसाने कराव्यात आणि हात वर केला की काहीही न विचारता थांबायचे, एवढी एकच खूण सर्वांना पक्की ठाऊक असावी.

ईएसपी आणि ट्रॅक्शन कंट्रोल (गाडी व चाके घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद करावेत, कारण ते फिरत्या चाकाला ब्रेक लावतात. फोर-लो मध्ये (चारही चाकांना हळू पण अधिक जोर देणाऱ्या गिअर-स्थितीत), पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये, क्लच हळूहळू सोडून इंजिन आयडलच्या जरासेच वर ठेवावे. एकूण गिअरचे प्रमाण ४० ला १ आणि इंजिनचा वेग मिनिटाला ८०० फेरे धरला, तर ड्रम मिनिटाला २० वेळा फिरतो आणि जवळपास १० मीटर दोर गुंडाळतो, म्हणजे सहा सेकंदांत एक मीटर. हा वेग कमी नाही. दोर ताणला गेला की प्रथम थांबावे, ब्रेकवर पाय ठेवूनच क्लच दाबावा, आणि खुणा करणाऱ्याने दोन्ही दोर, शॅकल, झाडाचा बुंधा लांबूनच डोळ्यांखालून घालावा. या विंचला स्वतःचा ब्रेक नसतो. गाडीचा ब्रेक हाच तिचा ब्रेक. ब्रेक न दाबता क्लच दाबला तर गाडी खड्ड्यात परत घसरते आणि दोर झरझर उलगडतो. मग पुन्हा ओढावे, मीटर-दीड मीटर झाला की थांबून वेढे पाहावेत. ताणाखाली या दोरातून बारीक करकर आवाज येतो, तो स्वाभाविक आहे. टकटक असा तुटक आवाज आला तर मात्र लगेच ताण उतरवावा.

टायरने जमीन धरली की गाडी एकदम हलकी झाल्यासारखी पुढे सरकते. त्याच क्षणी थांबायचे असते. दोन वर्षांपूर्वी मुरबाडजवळ माझ्या मामेभावाच्या खाचरात मी येथेच चुकलो. मागची चाके बांधावर चढली, गाडी निघाली या आनंदात मी आणखी दोन सेकंद ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला, आणि तेवढ्यात उजव्या बाजूचा सैल पडलेला दोर टायरखाली जाऊन ॲक्सलकडे ओढला गेला. थांबून पाहिले तेव्हा ब्रेकची रबरी नळी दोराच्या वेढ्यात आवळली जाऊन बोटाएवढ्या जागेत पांढरट पडली होती. आणखी अर्धा फेरा झाला असता तर ती तुटली असती आणि परतीच्या वाटेवर ब्रेक नसते. नळी दुसऱ्या दिवशी बदलली. त्यानंतर मी खुणा करणाऱ्याला एवढेच काम देतो की त्याने फक्त दोराचा ताण पाहायचा, आणि दोर सैल पडू लागताच हात वर करायचा.

पुढे आणखी चिखल असेल तर सैल दोर हाताने ड्रमवर घेऊन, चाके मोकळी आहेत हे पाहून, पुन्हा सुरुवात करावी. दोर संपत आला असेल तर आधार पुढे हलवावा. ड्रमवर वेढ्यांची थप्पी चढू देऊ नये, कारण बाहेरचे वेढे घसरून दोर ड्रम आणि रिम यांच्या मध्ये चिरडतो.

काम झाल्यावर

ताण पूर्ण उतरल्यावरच शॅकल सोडावेत. ड्रम तेथेच काढावेत; बाहेर आलेल्या ड्रमसह रस्त्यावर गाडी चालवणे दुचाकीवाल्यांच्या जिवाशी खेळणे आहे. मूळ नट पुस्तिकेतल्या पिळाइतके आवळावेत आणि घरी परतताना, कल्याणपर्यंत आल्यावर, एकदा थांबून ते पुन्हा तपासावेत, कारण नट आणि चाकाच्या मध्ये अडकलेला चिखल वाळून झडला की पकड ढिली होते. दोर गोड्या पाण्याच्या बादलीत खळबळून धुवावा, तो सावलीत वाळवावा आणि हाताने चाचपून पाहावा. जेथे धागे तुटून लव आल्यासारखी लागते किंवा वितळून काचेसारखा कडक ठिपका लागतो, तेथून पुढचा दोर वापरातून काढावा.

निघण्यापूर्वी मात्र शेताकडे पाहावे. चाकांनी बांध फोडला असेल तर खाचरातले पाणी खालच्या शेतात उतरते आणि आवणी झालेली असेल तर रोपे उघडी पडतात. उपसलेला चिखल परत भरून, फावड्याने थापून, पायाने तुडवून बांध बांधावा, काढलेला चर बुजवावा आणि पाणी झिरपायचे थांबले आहे हे पाच-दहा मिनिटे उभे राहून पाहूनच मालकाचा निरोप घ्यावा.